नळी जोडली, वयाचं काय?

आमच्या जोगेश्वरीत एखाद्या बाईला ‘ऑपरेशन झालंय का?’ असं विचारलं, तर ‘कुठलं?’ असा उलट प्रश्न ती करत नाही. अपेंडिक्सचं, मोतीबिंदूचं, हर्नियाचं अशी ऑपरेशनं असतात हे तिला ठाऊक असतं. पण नुसतं ‘ऑपरेशन’ म्हटलं की ते मूल बंद करण्याचंच. मग तपशील येतो. टाक्याचं की बिनटाक्याचं, बाळंतपणातच केलं की मागाहून दुर्बिणीने, गावाला केलं की कूपरला. मजासवाडी-मेघवाडीच्या वस्तीत गेली तीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मी किती हजार वेळा विचारला असेल, याची मोजदाद नाही. उत्तर बहुधा ‘हो’ असंच येतं आणि ते देताना बाईच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव असतो. ‘झालंय की मॅडम, धाकट्याच्या वेळीच उरकून टाकलं.’

या उरकून टाकलेल्या गोष्टीबद्दल एक दुसराच प्रश्न अलीकडे माझ्या कानावर वारंवार येतो. तो विचारणारी बाई पेशंटांच्या गर्दीत बोलत नाही. सगळ्यांत शेवटी आत येते, दार लोटून घेते आणि विचारते, ‘मॅडम, ते परत उघडता येतं का?’

या बायका कोण असतात? एकीचा एकोणीस वर्षांचा मुलगा लोकलमधून पडून गेला. दोनच मुलं, त्यातली मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. एकीचा नवरा दारूपायी गेला, दहा वर्षं तिने एकटीने काढली, आता एका विधुराशी लग्न ठरतंय आणि त्याला मूलबाळ नाही. एकीला दोन्ही मुलीच, ऑपरेशन सासूच्या मनाविरुद्ध झालेलं, आणि आता दिराला मुलगा झाल्यावर घरात जुनं भांडण नव्याने उकरलं गेलंय. प्रत्येकीची कहाणी वेगळी. एक गोष्ट मात्र बहुतेकींत सारखी असते. ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचं वय तेवीस-चोवीस होतं आणि हा प्रश्न विचारताना ते अडतीस, चाळीस, कधी त्रेचाळीस असतं.

‘उघडता येतं का?’ या प्रश्नाचं खरं उत्तर ‘येतं’ असं आहे. आणि हे उत्तर खरं असूनही फसवं आहे. आज लिहायचं आहे ते त्याबद्दलच.

आधी थोडं शरीराबद्दल. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी असते, लांबी चार-साडेचार इंच. गर्भाशयाकडचं तिचं तोंड अगदी बारीक, अंडाशयाकडचं टोक मात्र झालरीसारखं पसरलेलं. स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांची गाठ या नळीतच पडते. नसबंदीत ही वाट अडवतात. बाळंतपणाच्या वेळी केलेल्या टाक्याच्या ऑपरेशनात नळीची एक घडी बांधून मधला तुकडा कापून टाकतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात बहुधा सिलिकॉनची छोटीशी रिंग बसवतात. पुन्हा जोडायचं म्हणजे बंद झालेला भाग काढून दोन्ही निरोगी टोकं समोरासमोर आणायची आणि केसाहून बारीक धाग्याने, भिंगाखाली, टाके घालायचे. हे काम नजाकतीचं आहे. रिंग असेल तर नळी थोडीच वाया गेलेली असते, जोडणं सोपं जातं. विजेच्या चटक्याने जाळली असेल तर फार भाग जातो. झालरीचं टोकच कापलं असेल तर जवळपास आशा सोडावी. जोडल्यानंतर निदान चार सेंटिमीटर नळी हाती उरावी, असा आम्हा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब असतो.

इथपर्यंतचं सगळं सर्जनच्या हातात. कुशल हात असेल तर नळी जुळते, तपासणीच्या क्ष-किरणात रंगद्रव्य आरपार जाताना दिसतं, घरी पेढे वाटले जातात. पण नळी ही नुसती वाट आहे. त्या वाटेने जायचं ते बीज अंडाशयातून येतं, आणि अंडाशयाला टाके घालता येत नाहीत.

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयांत आयुष्यभराचा साठा असतो, दहा-वीस लाख बीजांचा. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात. पुढे ती सरतच जातात. नव्याने एकही तयार होत नाही. पस्तिशीनंतर साठा झपाट्याने घटतो आणि उरलेल्या बीजांत गुणसूत्रांचे दोष वाढत जातात. पाळी नियमित येते म्हणून बाई निर्धास्त असते. ‘मला महिन्याच्या महिन्याला येते की,’ असं त्या मला सांगतात. पाळी येणं आणि मूल होणं यांत चाळिशीनंतर बरंच अंतर पडलेलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आकडे सांगितल्याशिवाय हा विषय पुढे जायचा नाही. नळ्या पुन्हा जोडलेल्या बायकांवर जगभर जे अभ्यास झाले त्यांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ४२ ते ६९ बायकांना दिवस गेले, असं त्यात दिसलं. आणि यश कशावर अवलंबून, याचा शोध घेता ठळकपणे पुढे आली ती एकच गोष्ट, बाईचं वय. ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला हिशेब जास्त बोलका आहे, कारण त्यांनी दिवस गेलेल्या नव्हे तर बाळंत झालेल्या बायका मोजल्या. सदतिशीच्या आत नळी जोडून घेतलेल्या बायकांपैकी सहा वर्षांत शंभरी ७२ जणी बाळंत झाल्या. सदतिशी ओलांडलेल्यांत हे प्रमाण ३७ च्या आसपास घसरलं. सर्जन तेच, भिंग तेच, धागा तोच. शिवाय हे आकडे निवडक बायकांचे आहेत. त्यांच्या तपासण्या आधी झालेल्या, नवऱ्याचे रिपोर्ट चांगले, पोटात जंतुसंसर्ग नाही. आपल्याकडच्या क्षयाचा गर्भनलिकांवर होणारा परिणाम यात धरलेलाच नाही. तेव्हा आपल्या वस्तीतल्या चाळिशीच्या बाईने यातून स्वतःसाठी आशा बेताचीच धरावी.

दिवस जाणं आणि मूल हाती येणं यातला फरक मी मुद्दाम सांगतेय. जाहिरातीत ‘यशाचं प्रमाण’ म्हणून जो आकडा झळकतो तो कशाचा, हे विचारायची आपल्याला सवय नाही. नळी उघडली हे सर्जनचं यश; दिवस राहिले हे त्याच्या पुढचं; जिवंत, निरोगी मूल ही तिसरीच गोष्ट. चाळिशीत राहिलेल्या दर तीन गर्भांतला एक तरी पडतो, पंचेचाळिशीपुढे निम्म्याहून अधिक. डाऊन सिंड्रोमचं मूल होण्याचा धोका तिशीत साधारण नऊशेत एक असतो, चाळिशीत तो शंभरात एकावर येतो. आईचा रक्तदाब, साखर, आधीच्या सिझेरियनचा व्रण, हे सगळं वेगळंच.

आणि एक धोका असा आहे की जो प्रत्येकीने पाठ करून ठेवावा. जोडलेल्या नळीत गर्भ अडकून तिथेच वाढू लागतो. वरच्याच आढाव्यात हे प्रमाण शंभर गर्भधारणांमागे चार ते आठ असं आहे, एरवीच्या कितीतरी पट. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि बाई काही तासांत दगावू शकते. म्हणून नळी जोडून घेतलेल्या बाईची पाळी आठ दिवस जरी लांबली तरी लगेच तपासणी, आणि गर्भ पिशवीतच आहे ना हे पाहण्यासाठी सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी. ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ ही आपली जुनी रीत इथे जिवावर बेतू शकते. डॉक्टरला पहिल्या आठवड्यात सांगावं, शेजारणीला पाहिजे तर चौथ्या महिन्यात.

आता मुळाकडे येते. इतक्या लहान वयात ऑपरेशन उरकण्याची आपली ही रीत पडली कशी? मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, तेव्हा समाजाने त्यांना वेड्यात काढलं. सरकारी कार्यक्रम १९५२ चा. साठच्या दशकात याच मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रं थाटलेली होती. ऑफिसातून घरी जाता जाता पुरुष ऑपरेशन करून घेत, हे आज सांगितलं तर तरुण मुलांना खोटं वाटतं. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यात सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या. जबरदस्तीच्या कहाण्या घरोघर पोचल्या आणि सरकार पडलं. तेव्हापासून कुठल्याही पक्षाने पुरुषाच्या वाटेला जायचं धाडस केलं नाही. सगळा भार मुकाट बाईवर आला. आजही महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरी अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही. देशभरात ऑपरेशन होतं तेव्हा बाईचं सरासरी वय २६ च्या आत असतं.

ऑपरेशनाने बायकांचं भलं केलं नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. अकरा बाळंतपणं सोसलेल्या आणि त्यातली पाच मुलं पुरलेल्या आज्या ज्या घरात होत्या, त्याच घरातल्या नाती आज दोन मुलांवर थांबून नोकरीला जातात. महाराष्ट्रातला मातामृत्यूचा दर २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतका खाली आला, आणि थांबलेल्या बाळंतपणांचा त्यात मोठा वाटा आहे. माझी तक्रार ऑपरेशनाशी नाही, त्याच्या घाईशी आहे. अमेरिकेत बायकांचा चौदा वर्षं माग ठेवून एक पाहणी झाली, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. तिशीपर्यंत ऑपरेशन केलेल्यांत शंभरी वीस जणींना पुढे कधीतरी पस्तावा झाला. तिशीनंतर केलेल्यांत सहा जणींना. आपल्याकडे तर नियमाने बाविसाव्या वर्षीच ऑपरेशन करता येतं, एक मूल वर्षाचं झालं की पुरे. कायम स्वरूपाची शस्त्रक्रिया आहे, पुन्हा उघडता आली तरी यशाची हमी नाही, असं संमतिपत्रावर छापलेलं असतं. कळा देऊन थकलेली बाई ते वाचते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा प्रसूतिकक्षात रात्र काढावी.

तेवीस वर्षांच्या मुलीला दहा वर्षं टिकणारी तांबी बसवता येते. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतं. नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत होते आणि तो त्याच दिवशी घरी जातो. ‘त्यांना जड कामं असतात, अशक्तपणा येईल,’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त समोरच्या बाईच्या डोक्यावरच्या हंड्याकडे पाहते.

संकट सांगून येत नाही, याचा सर्वांत मोठा धडा आपल्या महाराष्ट्रालाच मिळाला. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाट व्हायची होती. किल्लारी आणि आसपासची गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली, जवळपास दहा हजार माणसं मेली. दोन मुलांवर ऑपरेशन केलेल्या कितीतरी आयांची दोन्ही मुलं त्या ढिगाऱ्यात गेली. सरकारी सांगण्यावरून ‘छोटं कुटुंब’ पत्करलेल्या त्या बायका रिकाम्या मांडीने पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या होत्या. त्यांच्या नळ्यांचं काय, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा इतक्या उघडपणे आपल्यापुढे आला. पुढे २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली आणि नागपट्टणमच्या किनाऱ्यावर हेच घडलं. तमिळनाडू सरकारने मुलं गमावलेल्या आयांसाठी नळ्या जोडण्याची शस्त्रक्रिया मोफत जाहीर केली, खासगी रुग्णालयाचा खर्चही उचलायची तयारी दाखवली. चीनमध्ये १२ मे २००८ च्या सिचुआन भूकंपानंतर तिथल्या सरकारलाही वैद्यकीय पथकं पाठवावी लागली. एकच मूल बाळगायची सक्ती ज्यांनी पाळली होती त्या आया तोवर पस्तिशी-चाळिशीच्या झाल्या होत्या.

या गोष्टींतून मला दिसतं ते असं, की मोठं संकट आलं की सरकार धावतं, पण आमच्या जोगेश्वरीतल्या त्या लोकलवाल्या मुलाच्या आईसाठी कोण धावणार? तिचा भूकंप एकटीचा असतो. तिला कुठे जायचं हे ठाऊक नसतं. वर्षश्राद्ध होईपर्यंत असा विचार करणंही पाप वाटतं. मग घरात विषय निघतो, मग देवाला कौल लावतात, मग गावच्या वैद्याची सहा महिने औषधं. माझ्याकडे येईपर्यंत दोन-अडीच वर्षं गेलेली असतात. अडतिसाव्या वर्षी ती आली असती तर गोष्ट वेगळी होती.

आल्यावर मी तिला सर्जनची चिठ्ठी आधी देत नाही. तिच्या बीजसाठ्याची रक्ततपासणी, एक सोनोग्राफी, आणि नवऱ्याच्या वीर्याची तपासणी, एवढं आधी. शेवटच्या तपासणीला घरात आकाशपाताळ होतं. ‘आम्हाला दोन झालेली आहेत,’ असं गृहस्थ छाती काढून सांगतात. ती वीस वर्षांपूर्वी झाली, मधल्या काळात तंबाखू, मधुमेह, गिरणीतली किंवा भट्टीतली उष्णता यांनी काय केलं ते बघायला नको? बाईचं पोट उघडण्याआधी नवऱ्याने एक डबी भरून द्यावी, यात अपमान कसला, ते मला अजून कळलेलं नाही.

तपासण्यांत साठा फार कमी निघाला तर मी सरळ सांगते की नळी जोडण्यात अर्थ नाही. टेस्ट ट्यूबचा मार्ग आहे, पण चाळिशीनंतर स्वतःच्या बीजावर दर प्रयत्नामागे मूल हाती येण्याचं प्रमाण दहांत एकाच्या आसपास, चव्वेचाळिशीपुढे शंभरात एक-दोन. खर्च एका प्रयत्नालाच लाखाच्या पुढे जातो. त्यासाठी मंगळसूत्र मोडलेल्या आणि गावची जमीन गहाण टाकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दुसरीच्या बीजावर यश बरंच जास्त मिळतं, मात्र २०२१ च्या कायद्याने त्यालाही बाईसाठी पन्नास आणि पुरुषासाठी पंचावन्न वर्षांची मर्यादा घातली आहे. दत्तक म्हणावं तर तिथेही वय आडवं येतं. सध्याच्या नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या आतलं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे जाऊन चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ती ९० पर्यंत चालते. म्हणजे पंचेचाळिशीचा नवरा आणि बेचाळिशीची बायको यांना तान्हं बाळ मिळणार नाही, थोडं मोठं मिळू शकेल. हे गणितही फार कुणाला माहीत नसतं.

आणि काही बायकांना मूल नकोच असतं. मुलगा गेलेला असतो, तिला तोच हवा असतो, दुसरा नको असतो. ऑपरेशन उघडण्याची घाई सासूला, नणंदेला, कधी नवऱ्याला झालेली असते. दार लोटून घेतल्यावर बाई रडते आणि म्हणते, ‘मॅडम, तुम्हीच सांगा ना त्यांना, होणार नाही म्हणून.’ अशा वेळी मी बाहेर बसलेल्यांना आत बोलावते आणि वयाचे वर दिलेले आकडे मोठ्याने वाचून दाखवते. खोटं बोलावं लागत नाही. दोन मुलींच्या आईला मुलगा हवा म्हणून आणलेलं असेल तर मात्र आकडेही वाचत नाही, त्यांना तसंच परत पाठवते.

महापालिकेकडे माझी मागणी मोठी नाही. नसबंदी झालेल्या प्रत्येक बाईच्या डिस्चार्ज कार्डावर पद्धत स्पष्ट मराठीत लिहावी: रिंग की कापून बांधलेलं, किती भाग काढला, दोन्ही बाजूंना की एका. आज वीस वर्षांपूर्वीचे कागद घेऊन येणारी बाई मला क्वचितच भेटते. कागद पुरात गेलेले असतात, झोपडी तुटताना गेलेले असतात, नाहीतर त्यावर ‘टी.एल.’ एवढीच दोन अक्षरं असतात. सर्जनला पोट उघडल्यावरच कळतं की आत जोडण्यासारखं काही उरलंय की नाही. दुसरं, मूल गमावलेल्या पस्तिशीपुढच्या बाईला शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने रांगेत ठेवू नये. तिची तारीख गाठीच्या आणि हर्नियाच्या पेशंटांबरोबर लावण्यात काहीच शहाणपण नाही. उपनगरातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात अशा बायकांसाठी बाह्यरुग्ण विभागाची एक वेळ ठरवून द्यावी, तिथे बीजसाठ्याची तपासणी मोफत व्हावी आणि नवऱ्याने पहिल्याच दिवशी बरोबर यावं, असं चिठ्ठीवरच लिहावं. भिंगं महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आहेत, ती वापरणारे हातही आहेत. आठवड्यातली एक दुपार पुरेशी होईल.